रंगांचे नियम

बडनेरा सोडलं की रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागलेला दिसतो. लहानपणी मला वाटायचं, बाभळीलाही कापूस येतो. बोंडांच्या कापसानं शीग लावून भरलेल्या गाड्या जिनिंगकडे जातात आणि जाता जाता बाभळीचे काटे त्यातून आपला वाटा ओढून घेतात, हे बाबांनी दाखवलं तेव्हा मी शाळेत जायला लागले होते. मुर्तिजापूरपर्यंत हे असंच चालतं. बसच्या खिडकीतून बघावं तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे पुंजके, खाली धूळ, आणि थंडी अजून नक्की न ठरलेली. सकाळी स्वेटर घालावासा वाटतो, दुपारी तो मांडीवर घेऊन बसावं लागतं.

या शनिवारीही अकोल्याला घरी जाताना तो तसाच मांडीवर होता. कापूस दिसायला लागला. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत बाबांचे शब्द गेले.

गेले म्हणजे कसे, हे मला आजही नीट सांगता येत नाही. अकोल्याला, आमच्या घरी, ते ऑफिसला निघायच्या तयारीत होते. बाबा सरकारी कचेरीत क्लार्क. आईला ते काहीतरी आणायला सांगत होते आणि वस्तूचं नाव त्यांना मिळेना. "ते... ते दे ना वं, ते," एवढंच म्हणत राहिले. आईला वाटलं, रागावलेत. मग ते पलंगाच्या कडेवर बसले आणि उजवा हात मांडीवरून घसरून खाली लोंबायला लागला.

दवाखान्यात डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. माझ्याशी नेहमीच असं होतं. मी गप्प असते, चष्मा आहे, लोक इंग्रजी सुरू करतात. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. डॉक्टरांनी पक्षाघात, मेंदूची डावी बाजू, बोलण्याची जागा, असं बरंच समजावलं आणि शेवटी म्हणाले, बोलणं परत येऊ शकतं, किंवा येणारही नाही. मी आईला सांगितलं, "हळूहळू येईल म्हणतात." उरलेलं वाक्य माझ्याजवळच राहिलं.

मी अमरावतीच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. घरून काम करायची परवानगी मिळाली आणि मी लॅपटॉप घेऊन अकोल्याला आले. बाबांच्या पलंगाशेजारी शिवणयंत्राचं टेबल होतं. यंत्र आत ढकलून वर लॅपटॉप ठेवला. त्या हंगामात माझ्याकडे जे काम होतं ते रंगांचं होतं.

कोड लिहायचा जो एडिटर असतो, त्यात शब्दांना रंग येतात. आज्ञा निळ्या, अवतरणातला मजकूर गुलाबी, आकडे नारिंगी, टिपणं करडी. त्यामुळे लिहिणाऱ्याचा डोळा ठेचकाळत नाही. पण रंग देणाऱ्या एडिटरला कोड कळत नसतो. त्याला फक्त खुणा ओळखता येतात. ही खूण दिसली की हा रंग सुरू कर, ती दिसली की थांब. असे नियम कुणीतरी बसून लिहावे लागतात. मी ते लिहीत होते.

साध्या फायलींना असे नियम पुरतात. आमच्याकडच्या फायली म्हणजे टेंप्लेट, साचे. ज्यांच्यासाठी आम्ही काम करतो त्यांची पत्रं, पावत्या, सूचना या साच्यांतून निघतात. एकाच फाईलमध्ये पानाची मांडणी सांगणारी एक भाषा, तिच्या पोटात पानावरची बटणं हलवणारी दुसरी, दुसरीच्या पोटात महिरपी कंसात लिहिलेली आमच्या साच्याची तिसरी. आणि या सगळ्यांच्या मधूनमधून माणसांनी वाचायचं मराठी. एडिटर वरून खाली वाचत येतो. आतल्या भाषेतली एखादी खूण त्याला बाहेरच्या भाषेची वाटते. तो समजतो, आतली संपली. तिथून पुढे तो चुकीच्या भाषेचे रंग देत जातो. एखादं अवतरण बंद झालेलं त्याला दिसलंच नाही, तर शेवटच्या ओळीपर्यंत सगळी फाईल गुलाबी.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा रोशन रोज फोन करायचा.

"काय मॅडम, रंगपंचमी झाली का नाई तुमची?"

"नाही अजून."

"तो क्लायंट मले सकायपासून पिसून राह्यला. म्हन्ते, अर्धी फाईल गुलाबी काहून दिसते? म्या म्हनलं, लग्नसराई हाय भाऊ, शालू नेसवला." मग आवाज खाली आणून, "काका कसे हायेत?"

"आहेत तसेच."

"जेवतात ना?"

तेव्हा जेवत होते. म्हणून मी हो म्हटलं.

गुलाबी झालेल्या फाईलमध्ये काही मोडलेलं नसतं. ती चालवली तर चालते, पावती बरोबर निघते. बघणाऱ्याला मात्र ती वाचता येत नाही. मी नियम बदलायचे, फाईल पुन्हा उघडायची. वरचं सुधारलं की खालचं बिघडायचं. एका खुणेला अडवलं की दुसरी फटीतून निसटायची. मान वर करून पाहिलं की बाबा छताकडे बघत पडलेले असायचे आणि त्यांचे ओठ हलत असायचे.

बाबांकडे किती भाषा होत्या हे मी त्याआधी कधी मोजलं नव्हतं. घरात वऱ्हाडी. कचेरीत टिपणीची मराठी, जिच्यात ते माझ्याशी बोलले तर मला हसू यायचं. भाजीवाल्याशी हिंदी. विहारात पाली. आणि माझ्या कॉन्व्हेंटच्या पालकसभेसाठी आरशासमोर बसवलेली इंग्रजी, जी सभेत ऐन वेळी त्यांच्या घशातच राहायची आणि ते नुसते मान हलवून परत यायचे. डॉक्टर म्हणाले होते, कधीकधी एखादी भाषा मागे उरते, कुठली ते सांगता येत नाही.

पहिल्यांदा जे परत आलं ते होतं, "येस सर." आई पाणी घेऊन आली की येस सर. मी उशी सरळ केली की येस सर. शेजारच्या मावशी बघायला आल्या, पदर डोळ्यांना लावून उभ्या राहिल्या, त्यांनाही येस सर. बाबांना ते चुकतंय हे कळत असावं, कारण म्हटल्यावर लगेच ते डोळे मिटून घ्यायचे.

आणि दुसरी आली ती पाली. संध्याकाळी आई भिंतीवरच्या तसबिरींसमोर मेणबत्ती लावून वंदना म्हणायला बसली की पलंगावरून बाबांचा आवाज यायचा, स्वच्छ, न अडखळता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. उजवा हात उठत नव्हता, म्हणून डावा एकटाच छातीशी धरलेला. पहिल्या दिवशी आई मध्येच थांबली आणि तोंडात पदर कोंबून बसली. मला वाटलं, आलं! आता सगळं येणार. वंदना संपली, मी धावत जाऊन विचारलं, "बाबा, पाणी हवंय?" बाबांनी तोंड उघडलं. बराच वेळ उघडं ठेवलं. त्यातून काही आलं नाही.

डॉक्टरांना विचारलं तेव्हा कळलं, पाठ असलेलं वेगळ्या वाटेनं येतं. ते बोलणं नव्हे. मी हे आईला सांगितलं नाही. ती रोज संध्याकाळची वाट बघायची.

त्याच आठवड्यात मी कार्डं केली. स्पीच थेरपीच्या मॅडम यायला अजून अवकाश होता आणि नुसतं बसून राहणं मला जमत नव्हतं. जाड कागद आणला, कापला, एका फळ्यावर ओळीनं चिकटवला. मला चित्रं काढता येत नाहीत. मी मोठी अक्षरं काढली आणि अख्खी कार्डं रंगवली. खायचं-प्यायचं सगळं हिरवं: पाणी, चहा, जेवण. माणसं नारिंगी. दुखतंय, गरम होतंय, थंडी वाजतेय हे पिवळं. आणि ज्या शब्दांनी गोष्टी ठरतात ते निळे: नको, पुरे, थांबा. माझ्या एडिटरमध्येही ठरवणारे शब्द निळेच असतात. हात सवयीनं त्या रंगाकडे गेला.

आई ज्वारीच्या कण्या घेऊन आली. मी फळा बाबांच्या पुढे धरला. "बाबा, जेवायचं?"

बाबांनी फळ्याकडे पाहिलं. डोळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. मग डावा हात हळूहळू उचलून त्यांनी निळ्यावर ठेवला.

"नको म्हणताहेत," मी म्हटलं.

"अवं, सकायपासून पोटात काई नाई त्यायच्या."

"आई, त्यांनी पहिल्यांदा काहीतरी सांगितलंय. ऐकायला नको का आपण?"

आईनं वाटी परत नेली. बाबा वाटीकडे बघत राहिले, ती स्वयंपाकघरात जाईपर्यंत. त्या बघण्याला मी नकार समजले.

संध्याकाळी चहा, निळ्यावर हात. दुसऱ्या दिवशी दूध, निळ्यावर हात. मी पुन्हा पुन्हा विचारलं, फळा उलटसुलट धरला, कार्डांच्या जागा बदलल्या. बाबांचा हात निळ्यालाच शोधून काढायचा, आणि दर वेळी जास्त ठामपणे. आई माझ्या मागून दोन-चार चमचे भरवायची, पण बघता बघता त्यांचे गाल आत गेले. आई म्हणाली, "त्यायनं मन काढून घेतलं वं संसारातून." मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असं होतं, माणूस खचतो. अजून एखादा दिवस बघा, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल.

फोन ठेवून मी लॅपटॉपसमोर बसले. समोरची फाईल गुलाबी होती.  आई तसबिरींसमोर बसून होती, मेणबत्ती न लावता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुदाम काका आले. बाबांचे धाकटे भाऊ, हिवरखेडला शेती बघतात. वेचणी ऐन भरात असल्यामुळे त्यांना आधी निघता आलं नव्हतं. मिशीलाही कापसाचा तंतू चिकटलेला, हातात संत्र्यांची पिशवी. दारातच आईनं त्यांना सगळं सांगितलं. काका चपला न काढताच पलंगापाशी गेले.

"काहून रे दादा? जेवत काहून नाई तू?"

"येस सर," बाबा म्हणाले.

काकांचा चेहरा क्षणभर हलला. मग ते आईकडे वळले. "वैनी, जलमभर तुमाले येस सर म्हनला नाई हा मानूस. आता म्हनून राह्यला तं घ्या म्हनून!"

आई रडता रडता हसली. मी फळा आणला, काकांना दाखवला, हिरव्यात जेवण आहे, निळ्यात नको आहे, बाबा सारखे निळ्यावरच हात ठेवतात, असं सांगितलं. काकांनी फळा हातात घेऊन नीट बघितला. मग बाबांकडे बघितलं. बाबांनी डावा हात पुढे केला आणि काकांच्या हातातल्या फळ्यावरच्या निळ्याला लावला. लावून तो तसाच छातीशी नेला.

"अवं बेटा," काका म्हणाले, "निया कोनं देल्ला नोकोले?"

"मी."

"जयंतीच्या मिरवणुकीत ज्यानं निया झेंडा कंदी खाली टेकू देल्ला नाई, पायाले फोड आले तरी दुसऱ्याच्या हाती देल्ला नाई, त्याले तू म्हन्तं हिरव्याले हात लाव? बेस शिकवलं वं तुह्या कॉन्व्हेंटनं! त्याले वाचता येऊन राह्यलं का ते?"

वाचता येत नव्हतं. शब्दांबरोबर अक्षरंही गेली होती, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं आणि मला सुचलं नव्हतं. फळ्यावर बाबांना वाचता येण्यासारखी एकच गोष्ट होती.

आईनं कण्यांची वाटी आणली. फळा कुणी दाखवला नाही. तिनं चमचा पुढे केला आणि बाबांनी तोंड उघडलं. वाटी संपली. आई आत पळाली, दुसरी घेऊन आली, तीही संपली. काका शेजारी बसून मोठमोठ्यानं बोलत होते, "घे, घे, नोको त नोको म्हन, पन तोंडानं म्हन, असा नुसता हात नोको ठिवू." बाबा हसले. अर्ध्याच चेहऱ्यानं, पण हसले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मला आत जाता येईना की बाहेर येता येईना.

नंतर मी रंग बदलून पाहिले. जेवणाला निळा दिला तर बाबा दिवसभर जेवण मागायचे, पोट भरलेलं असतानाही. निळा अजिबात काढून टाकला तर फळ्याकडे बघायचेच नाहीत. सगळी कार्डं पांढरी केली, तेव्हा त्यांनी फळा हातानं बाजूला सारला. थेरपीच्या मॅडम आल्या, फळा बघितला, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, घाई करू नका. मी फळा कपाटावर टाकला. आई कधी भाजी निवडायला तो खाली घ्यायची.

रंगांचं काम मी संपवलं, म्हणजे बरंचसं. गुलाबी आवरलं. एक जागा मात्र राहिली. आतल्या भाषेच्या अवतरणात बाहेरच्या भाषेची बंद करायची खूण आली, की एडिटर अजूनही फसतो. रोशन म्हणाला, "जाऊ द्या मॅडम, तेवढं चाल्ते. कोनी पाहत नाई." मी पुष्कळ शोधलं. खुणा बघून चालणाऱ्याला ते कधीच पूर्ण जमणार नाही, एवढंच हाती आलं.

फायली नीट रंगल्यावर एक गोष्ट दिसली, जी आधी गुलाबीत बुडालेली होती. सगळ्या भाषांना रंग आले होते. मधला मराठी मजकूर, 'अर्जदाराचे नाव', 'कृपया थांबा', 'आपले काम झाले आहे', तेवढा बिनरंगाचा होता. एडिटरच्या नियमांत तो कशातच बसत नाही, म्हणून तो त्याला तसाच सोडून पुढे जातो. सगळी फाईल ज्याच्यासाठी लिहिलेली, तेच त्याला उरलेलं काहीतरी वाटतं. मी त्या ओळींकडे बराच वेळ बघत बसले. शेजारी बाबा झोपले होते आणि झोपेत त्यांचे ओठ हलत नव्हते.

दोन वर्षांत काही परत आलं. बाबा काठी घेऊन अंगणात येतात. "नाई" येतं, "हे" येतं, आईला हाक मारल्यासारखं एक काहीतरी येतं. येस सर कमी झालंय. बोलण्याची चाल सगळी परत आलीय. ते वाक्य उचलतात, मध्ये थांबतात, शेवट वर नेतात, दुरून ऐकलं तर दोन माणसं निवांत गप्पा मारताहेत असंच वाटेल. जवळ आलं की कळतं, चालीत शब्द नाहीत. घरी येणारे सगळे "हो, हो" म्हणतात. नातेवाईक म्हणतात, शेजारी म्हणतात, मी म्हणते. दर शनिवारी येते आणि हो म्हणून रविवारी परत जाते.

या वेळी रविवारी दुपारी आम्ही अंगणात बसलो होतो. बाबा खुर्चीत, मी पायरीवर. मी संत्रं सोलून फोडींच्या शिरा काढत होते. बाबा माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाले. लांब होतं. मध्ये थांबून त्यांनी बोटानं हवेत काहीतरी दाखवलं, आणि शेवटी विचारलं.

"हो, बाबा," मी म्हटलं आणि फोड पुढे केली.

त्यांनी फोड घेतली नाही. डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटली. "नाई."

मी थांबले. फोडीचा रस मनगटापर्यंत आला होता. आजवर जे कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं, "मला कळलं नाही, बाबा. काय म्हणालात ते मला नाही कळलं."

वाटलं, आता रागावतील किंवा नेहमीसारखे डोळे मिटून घेतील.  पण ते खुर्चीत जरा पुढे सरकले आणि तेच सगळं पुन्हा बोलले, हळू, त्याच चढउतारानं, त्याच जागी थांबून.

"घराचं काही?"

"नाई."

"आईचं?"

"नाई."

"माझं?"

त्यांनी बोट माझ्याकडे केलं. "हे," म्हणाले. "हे, हे."

"माझ्या नोकरीचं?" नाई. "अमरावतीचं? मी तिथं राहते त्याचं?" नाई. "लग्नाचं?" त्यावर त्यांनी तोंड असं वाकडं केलं की मला हसू आलं, आणि तेही हसले, पण लगेच थांबले आणि मान हलवली. तेही नव्हतं. मला सुचेल ते मी विचारत गेले. शाळेचं, लहानपणाचं, पैशांचं, तब्येतीचं. प्रत्येकाला ते नीट ऐकून घ्यायचे, जरा विचार करायचे आणि नाई म्हणायचे.

आतून आईनं विचारलं, "काय म्हनून राह्यले वं ते?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी विचारून राहिले."

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. परतीच्या बसची वेळ होत आली होती, आई दोनदा बॅग भरलीस का म्हणून विचारून गेली. माझे प्रश्न संपले. मी हात पुसून उठायला लागले, तेव्हा बाबांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं, घट्ट, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.